घरच्या टाकीत किलीफिश: पाळण्यापासून पैदाशीपर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गप्पी आणि मॉली पाळून झाले, आता काहीतरी वेगळं हवं, असं वाटणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उत्तरं महाराष्ट्रातलं पाणी, इथला उन्हाळा आणि इथे मिळणारं साहित्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पैदाशीला जास्त जागा दिली आहे, कारण किली पाळण्यातला खरा आनंद तिथे आहे. टाकीतला मासा आज ना उद्या जातो, त्याचा वंश मात्र नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालू राहतो.

किलीफिश म्हणजे नेमका कोणता मासा?

गप्पी आणि मॉली ज्या गणात मोडतात त्याच गणातले, पण पिल्लांऐवजी अंडी घालणारे छोटे मासे. १,२०० हून जास्त जाती आहेत आणि ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत त्या सापडतात. आकार बहुतेकदा ४ ते १० सेंटिमीटर. ते ओढ्यात, दलदलीत, भातखाचरात आणि पावसाळी डबक्यात राहतात, म्हणजे मोठे मासे पोचत नाहीत अशा उथळ पाण्यात. रंगांचं म्हणाल तर गोड्या पाण्यात यांच्या तोडीचे नर फार थोडे.

हे मासे काही महिन्यांतच मरतात असं ऐकलं. मग पाळायचे कशाला?

सगळे मरत नाहीत. किलींचे ढोबळ दोन प्रकार धरा. पहिल्या प्रकारच्या जाती बारमाही पाण्यात राहतात, वनस्पतींवर अंडी घालतात आणि टाकीत दोन-तीन वर्षं सहज जगतात. गार्डनेरी, ऑस्ट्राले आणि आपल्याकडचा गोल्डन वंडर त्यातले.

दुसरा प्रकार म्हणजे वार्षिक किली. पूर्व आफ्रिकेतले नोथोब्रँकियस पावसाने भरणाऱ्या आणि नंतर पूर्ण आटणाऱ्या डबक्यांत राहतात. पाणी आहे तोवर जन्म, वाढ, मिलन आणि अंडी हे सगळं उरकावं लागतं. पाणी आटलं की मोठे मासे मरतात, अंडी चिखलात राहतात आणि पुढच्या पावसात पिल्लं बाहेर पडतात. घरच्या टाकीत पाणी आटत नाही, तरी त्यांचं आयुष्य सहा महिने ते वर्षभर एवढंच असतं. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून ते मेले असं समजू नका, ती जातच तशी आहे.

यातला सगळ्यात टोकाचा मासा नोथोब्रँकियस फुर्झेरी. झिम्बाब्वेतल्या गोनारेझू अभयारण्यात तो प्रथम गोळा केला गेला. मोझांबिकमधल्या डबक्यांत हा मासा अंड्यातून बाहेर पडल्यापासून अवघ्या १४ दिवसांत वयात येऊ शकतो, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याचं म्हातारपणही तितक्याच झपाट्याने येतं: रंग उतरतो, पाठ वाकते, पोहणं मंदावतं. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी म्हणूनच त्याला जवळ केलं आणि २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

सुरुवात कोणत्या जातीने करावी?

पहिली जात एकच घ्या. तीन-चार जाती एकदम आणल्या की एकीकडेही नीट लक्ष जात नाही.

माझं मत विचाराल तर फंड्युलोपँकॅक्स गार्डनेरी. नायजेरिया आणि कॅमेरूनमधला, सहा-साडेसहा सेंटिमीटरचा मासा. नराच्या निळसर-हिरव्या अंगावर किरमिजी ठिपके असतात आणि पंखांच्या कडा पिवळ्या किंवा पांढुरक्या. पाण्याच्या बाबतीत फार नखरे नाहीत, अंडी भरपूर देतो आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचा, खाऱ्या पाण्यातला इवलासा जीव) खाण्याइतकी मोठी असतात. गॅबनमधल्या लोपेझ भूशिराकडचा ॲफिओसेमियन ऑस्ट्राले दिसायला जास्त नाजूक. त्याच्या शेपटीची वरची आणि खालची टोकं लांब निघालेली असतात. तोही चांगला, फक्त उन्हाळ्यात त्याला जास्त जपावं लागतं.

वार्षिक किलीच हवा असेल तर झांझिबारचा नोथोब्रँकियस गुंथेरी घ्या. पाचेक सेंटिमीटरचा मासा, शेपूट लालभडक. तो खूप वर्षं टाक्यांत वाढवला जातो आहे आणि त्याची अंडी नवख्याला सांभाळून घेतात. त्याचाच भाऊबंद नोथोब्रँकियस राकोवी दिसायला अप्रतिम आहे, पण त्याच्या अंड्यांना सहा-आठ महिने थांबावं लागतं. पहिल्याच खेपेला एवढा धीर धरणं अवघड जातं.

दुकानात दिसणारा ‘गोल्डन वंडर’ हा किलीच का?

हो, आणि तो मूळचा आपल्याकडचा आहे. ॲप्लोकायलस लिनिएटस या दक्षिण भारतीय माशाची ती निवडीने तयार केलेली सोनेरी जात. मूळ मासा पश्चिम घाटातल्या ओढ्यांत, गोवा-कर्नाटक-केरळातल्या भातखाचरांत आणि विहिरींत राहतो. नराच्या अंगावर सोनेरी-हिरवट ठिपक्यांच्या ओळी, मादीच्या अंगावर उभे काळे पट्टे. ओढ्याच्या काठावर उभं राहून वरून पाहिलं तर डोक्यावरचा चमकता ठिपका आधी दिसतो आणि मासा मागाहून.

२८–३० अंशांचं पाणी त्याला सोसतं, म्हणून कोकणात किंवा विदर्भात राहणाऱ्यांसाठी सुरुवातीचा किली म्हणून तो गार्डनेरीपेक्षाही सोयीचा आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवा: तो १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. निऑन टेट्रा आणि गप्पीची पिल्लं त्याच्यासोबत टिकत नाहीत. त्याला लोक दुकानातला साधा मासा म्हणून दुर्लक्षितात याचं मला वाईट वाटतं. काळा तळ, वर तरंगत्या वनस्पती आणि मंद प्रकाश दिला, तर हाच मासा पाहुण्यांच्या नजरेत पहिला भरतो.

टाकी केवढी लागते?

गार्डनेरीचा एक नर आणि दोन माद्या यांना ३०–४० लिटर पुरतं. गुंथेरीच्या तिघांना पैदाशीपुरतं २० लिटर चालतं. गोल्डन वंडरला मात्र दोन फुटी टाकी द्या. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं.

फिल्टर स्पंजचा, हवा अगदी हळू. जोराचा प्रवाह यांना मानवत नाही. पॉवर फिल्टर लावलेल्या टाकीत किली दिवसभर कोपऱ्यात दबून बसलेले दिसतात आणि मालक म्हणतो की मासा लाजाळू आहे. तळाला काळी वाळू किंवा नुसती बदामाची वाळलेली पानं, पाण्यात वाढणारं जावा मॉस शेवाळ आणि थोडी तरंगती सॅल्विनिया एवढं पुरे. बदाम म्हणजे रस्त्याकडेला मोठाल्या पानांचा असतो तो देशी बदाम. आपोआप गळलेली तपकिरी पानं घ्या, स्वच्छ धुवा आणि औषधफवारणी होत असलेल्या झाडाची घेऊ नका.

झाकण खरंच इतकं गरजेचं आहे का?

हो. हीटर-फिल्टरनंतर, पण मासा आणण्याआधी ते हवंच. एअर ट्यूबसाठी सोडलेल्या फटीतूनही किली उडी मारतो. फटी स्पंजच्या तुकड्याने बुजवा. पाणी बदलताना झाकण उघडं ठेवून बाजूला जाऊ नका.

आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं. जमेल का?

महाराष्ट्रात किली पाळण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच. बहुतेक आफ्रिकन किलींना २२ ते २५ अंश मानवतात. ॲफिओसेमियनच्या बऱ्याच जाती २७ च्या पुढे कोमेजतात, अंडी देणं थांबवतात आणि उष्णता लांबली तर मरतात. नोथोब्रँकियस त्यापेक्षा काटक, पण गरम पाण्यात त्यांचं आधीच छोटं असलेलं आयुष्य आणखी आखडतं.

आधी जागा बदला. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर, जमिनीलगत ठेवा. एकाच खोलीत जमिनीजवळची हवा आणि माळ्याजवळची हवा यांत बराच फरक असतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. नागपूर-संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे तिथे गुण कमी येतो. पंख्याखाली टाकी उघडी ठेवावी लागते, तेव्हा झाकणाच्या जागी नायलॉनची मच्छरजाळी ताणून बांधा. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला, कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची आणि क्षार टाकीतच साचत जातात.

गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या शेवटच्या उपायासाठी राखून ठेवा. दुपारी २४, संध्याकाळी ३० अशी चढउतार झाली तर मासा त्यानेच आजारी पडतो. त्यापेक्षा मेअखेरपर्यंत अंडी ओलसर पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) घालून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवणं शहाणपणाचं. गुंथेरीच्या बाबतीत तर आपलं वर्षच त्याच्या वर्षाशी जुळवून घेता येतं: पावसाळ्यात पिल्लं काढायची, हिवाळ्यात जोड्या भरात येतात, उन्हाळा अंड्यांनी काढायचा.

नळाचं पाणी चालेल का? आणि बोअरचं?

मुंबई आणि पुण्याचं धरणाचं पाणी मृदू असतं आणि किलींना ते छान चालतं. क्लोरीन मात्र काढावं लागतं. पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवा किंवा माशांच्या दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे खडे वापरा. बोअरचं पाणी जड असतं. गार्डनेरी, गुंथेरी आणि गोल्डन वंडर त्यात जगतात, पण ऑस्ट्रालेसारख्या गॅबनच्या पर्जन्यवनातल्या माशाला ते नको. अशा वेळी निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पावसाचं पाणी पहिल्या चार-पाच चांगल्या सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर धरावं.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. टीडीएस आणि पीएचचे आकडे रोज मोजत बसण्यापेक्षा हा नेम जास्त उपयोगी पडतो.

खायला काय घालायचं? दाणे खातात का?

गार्डनेरी आणि गोल्डन वंडर दाणे शिकतात, नोथोब्रँकियस बहुतेकदा शिकत नाहीत. हलणारं खाद्य लागतंच, अंडी हवी असतील तर नक्कीच. आर्टेमिया, डॅफ्निया (पाणपिसवा), ग्रिंडल अळ्या (बारीक पांढरे कृमी) आणि गोठवलेल्या लाल अळ्या यांची पाळी लावा. बाजारातल्या जिवंत ट्यूबिफेक्स (गाळात वाढणाऱ्या अळ्या) घाणेरड्या पाण्यातून येतात. दुसरं काही मिळण्यासारखं असेल तर त्या टाळा.

डासांच्या अळ्या हे किलींचं नैसर्गिक अन्न आहे आणि त्या खाऊन मासे रंगात येतात हेही खरं. तरी त्यांच्यासाठी गच्चीवर मुद्दाम पाणी साठवू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि आपल्या छंदाची झळ शेजारच्या लहान मुलांना बसता कामा नये.

एका नरामागे दोन माद्या का सांगतात?

नर दिवसभर मादीच्या मागे असतो. एकटी मादी थकते, पंख फाटतात, कधी मरते. दोन किंवा तीन माद्या असल्या की त्रास वाटला जातो. दोन नर लहान टाकीत ठेवू नका. मोठ्या टाकीत पाच-सहा नर एकत्र असतील तर भांडण विखुरलं जातं आणि कोणी एक बळी पडत नाही. माद्या ओळखणं सोपं: तपकिरी-करड्या, पंख गोलसर, पोट भरलेलं. दुकानदार फक्त रंगीत मासे दाखवत असेल तर तो सगळे नर देतो आहे.

अंडी गोळा करण्यासाठी मॉप कसा करायचा?

गार्डनेरी, ऑस्ट्राले आणि गोल्डन वंडर एकेक अंडं वनस्पतीच्या तंतूंना चिकटवतात. त्याऐवजी त्यांना लोकरीचा झुबका द्यायचा. लोकर ॲक्रिलिकचीच घ्या, खरी लोकर पाण्यात कुजते. गडद हिरवा किंवा काळा रंग बरा, त्यावर अंडी उठून दिसतात. वीस सेंटिमीटर उंचीच्या पुस्तकाभोवती चाळीस-पन्नास वेढे घ्या, एका टोकाला घट्ट बांधा, दुसरं टोक कापा. रंग जात नाही असं दिसेपर्यंत उकळून धुवा. मग वरच्या टोकाला बुचाचा तुकडा बांधून पाण्यात सोडा, म्हणजे मॉप पृष्ठभागापासून खाली लोंबतो.

दर दोन-तीन दिवसांनी मॉप हलक्या हाताने पिळून उजेडात धरा. अंडी दीड मिलिमीटरच्या आसपास, काचेसारखी पारदर्शक आणि चांगली टणक असतात, त्यामुळे बोटांनी सुटी करायला घाबरू नका. बोटात फुटलं ते अंडं बहुधा आधीच वाया गेलेलं असतं. जोडीतल्या नर-मादीला आठवडाभर वेगवेगळं ठेवून, चांगलं खायला घालून मग एकत्र आणलं तर पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त अंडी मिळतात.

गोळा केलेल्या अंड्यांचं पुढे काय? माझी सगळी बुरशीने जातात.

उथळ डबीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी घ्या, त्यात पाणी फिकट निळं दिसेल इतकंच मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घाला आणि अंडी अंधाऱ्या जागी ठेवा. पहिले तीन-चार दिवस रोज पाहा. पांढरं पडलेलं अंडं म्हणजे न फळलेलं. ते लगेच उचला, नाहीतर त्यावरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यावर चढते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर टिकलेली अंडी सहसा शेवटपर्यंत टिकतात.

सगळीच्या सगळी पांढरी पडत असतील तर दोष बुरशीचा नाही, अंडी फळतच नाहीत. नर फार कोवळा किंवा म्हातारा असेल, पाणी फार गरम असेल किंवा जोडीला जिवंत खाद्य कमी पडत असेल. आधी खाणं सुधारा. बहुतेकदा तेवढ्याने फरक पडतो.

२२ ते २४ अंशांत गार्डनेरीची अंडी १४ ते २१ दिवसांत फुटतात, गोल्डन वंडरची साधारण दोन आठवड्यांत. डोळे पूर्ण दिसत असूनही पिल्लू बाहेर येत नसेल तर डबीत टाकीतलं ताजं, किंचित थंड पाणी घाला.

वार्षिक किलींची अंडी कशी घ्यायची? पीट इथे महाग आहे.

पीटऐवजी नर्सरीत मिळणारं कोकोपीट चालतं, पण त्यात मीठ असतं आणि काही विटांत खतही मिसळलेलं असतं. खतवाली वीट घेऊ नका. साधी वीट भिजवा, उकळा, आणि पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत पिळून-पिळून धुवा. मोठे दोरे चाळून काढा, त्यात अंडी शोधता येत नाहीत.

आइस्क्रीमच्या डब्यात चार-पाच सेंटिमीटर कोकोपीट भरा, झाकणाला मासा आत जाईल एवढं भोक पाडा आणि डबा टाकीच्या तळाला ठेवा. नोथोब्रँकियसचा नर मादीवर आपला वरचा पंख झाकतो, दोघं कोकोपीटला टेकतात, एक कंप येतो आणि एकच अंडं आत जातं. दिवसभर हे चालू असतं आणि बघत बसावंसं वाटतं.

एक-दोन आठवड्यांनी डबा काढा, कोकोपीट जाळीत ओता आणि पिळा. मग वर्तमानपत्रावर काही तास पसरा. ओल किती ठेवायची हे बोटांनी शिकावं लागतं. मुठीत घट्ट दाबल्यावर पाण्याचा थेंब पडू नये, तरी हाताला गारवा लागावा. जास्त ओलं राहिलं तर अंडी कुजतात, फार सुकलं तर चिरमुटतात. नंतर झिपलॉक पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा आणि त्याच वेळी, उद्यावर न टाकता, पिशवीवर जातीचं पूर्ण नाव, कुठल्या ठिकाणच्या वाणाची आणि तारीख लिहा.

पाण्याबाहेर महिनोन्महिने अंडं जिवंत कसं राहतं?

अंड्यातला गर्भ वाढताना मध्येच थांबतो. असे तीन टप्पे ओळखले गेले आहेत: पहिला अगदी सुरुवातीला, दुसरा अवयवांची घडण अर्ध्यावर आल्यावर, तिसरा पिल्लू बाहेर पडायला तयार झाल्यावर. थांबलेल्या गर्भाला ऊर्जा फारच थोडी लागते. एकाच दिवशी घातलेल्या अंड्यांपैकी काही कुठेच न थांबता पुढे जातात, काही महिनाभर अडून राहतात. आपल्याकडे मृगाचा पाऊस येतो आणि दडी मारतो, ज्याने सगळं बियाणं पहिल्याच सरीवर टाकलं त्याला दुबार पेरणी करावी लागते. आफ्रिकेतल्या डबक्यातही पहिला पाऊस खोटा ठरू शकतो. सगळी अंडी एकदम फुटली असती तर अशा एका वर्षात सगळा वंश संपला असता.

मग पाणी कधी घालायचं?

गुंथेरीची अंडी २४ अंशांच्या आसपास साधारण तीन महिन्यांत तयार होतात. तारखेवर विसंबू नका, अंड्यात पाहा. भिंगातून डोळे स्पष्ट दिसले आणि डोळ्यांभोवती सोनेरी कडा आली की अंडं तयार. चार-पाच अंडी काढून बघा, त्यांतली बहुतेक अशी असतील तेव्हाच पिशवी उघडा.

पसरट ट्रेमध्ये कोकोपीट टाका आणि १८–२० अंशांचं पाणी तीन-पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत घाला. थंड पाणी पावसाची खूण ठरते आणि त्यात प्राणवायूही जास्त असतो. काही तासांत पिल्लं दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी ती काढून घ्या, कोकोपीट पुन्हा पिळून त्याच पिशवीत भरा, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भिजवा. दुसऱ्या खेपेला पिल्लं निघतातच, कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त. एकदा भिजवलेलं कोकोपीट फेकून देणाऱ्यांचं मन मोडायचं नाही, पण अर्धा वंश ते कचऱ्यात टाकतात.

पिल्लं तळाशी सरपटतात, वर येत नाहीत. का?

त्यांच्या वाताशयात, म्हणजे माशाला तरंगतं ठेवणाऱ्या पोटातल्या पिशवीत, हवा भरली गेली नाही. अंडी तयार होण्याआधी किंवा फार उशिरा भिजवली, अथवा पाणी गरम आणि प्राणवायू कमी असला की हे होतं. दोन दिवसांत जी तरंगत नाहीत ती पुढे सुधारत नाहीत. लवंगतेलाने त्यांना झोपवून मुक्त करणं हे तिथेच उपाशी मरू देण्यापेक्षा दयेचं आहे. अंडी लवकर भिजवली गेली असतील तर पुढच्या खेपेला आणखी आठ-दहा दिवस ठेवून भिजवा.

पिल्लांना पहिला घास कशाचा?

ताज्या आर्टेमियाचा. एक लिटर पाण्यात २५–३० ग्रॅम आयोडीनरहित जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, सतत हवा आणि २६–२८ अंश, एवढं दिलं की २४ ते ३० तासांत नारिंगी ढग दिसतो. उजेड एका बाजूला केला की जिवंत आर्टेमिया तिकडे जमतात. नळीने ओढा, बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुवा आणि थोडे-थोडे, दिवसातून दोन-तीनदा घाला. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली पाहिजेत. उरलेले मेलेले आर्टेमिया रोज तळातून काढा, पिल्लं उपासापेक्षा घाणीने जास्त मरतात.

क्लाउन किलीसारख्या, म्हणजे गिनी-सिएरा लिओन-लायबेरियाकडच्या चार सेंटिमीटरच्या माशाची पिल्लं मात्र इतकी बारीक असतात की त्यांना पहिला आठवडाभर इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (केसासारखे बारीक कृमी) हेच लागतात.

नीट खाल्लं तर गुंथेरीची पिल्लं पाच-सहा आठवड्यांत रंग दाखवतात, गार्डनेरीला तीन-चार महिने लागतात. आकारावर लक्ष ठेवा. मोठं भावंड लहानाला गिळतं.

अंगावर सोनेरी भुकटी पडल्यासारखी दिसते. औषध?

हा मखमली रोग. टॉर्चचा झोत तिरका टाकला की सहज ओळखता येतो. नोथोब्रँकियसला तो फार लवकर होतो, म्हणून त्यांच्या पाण्यात आधीपासूनच १० लिटरला एक सपाट चमचा जाडं मीठ ठेवा. रोग झालाच तर टाकी काही दिवस कापडाने पूर्ण झाका, कारण या परजीवीला उजेड लागतो. सोबत ॲक्रिफ्लेविन द्या, पाणी बदलत राहा. तांब्याचं औषध काम करतं, पण गोगलगाई आणि कोळंबी मरतात. पिल्लांत हा रोग शिरला तर वाट पाहू नका, एका रात्रीत ट्रे रिकामा होतो.

दोन ठिकाणांहून आणलेले गार्डनेरी एकत्र ठेवून पैदास केली तर चालेल ना?

नाही, आणि यावर मी हट्टी आहे. गार्डनेरीच्या नावापुढे अकुरे, लाफिया, मकुर्डी, मिसाजे अशी गावांची नावं लागतात. मूळ मासे जिथे पकडले ती ही गावं. प्रत्येक ठिकाणच्या माशांची रंगछटा वेगळी, आणि काही वाणांची संकरित पिल्लं वांझ निघतात. नोथोब्रँकियसच्या नावापुढचा संकेतही असाच असतो, टीएएन ९७-०२ म्हणजे टांझानिया, १९९७ साल, दुसऱ्या क्रमांकाचं ठिकाण. मूळ डबक्यावर शेत किंवा रस्ता आला तर तो वाण टाक्यांतच उरतो. माद्या बहुतेक वाणांत सारख्याच दिसतात, म्हणून एका टाकीत एकच वाण ठेवा. नाव माहीत नसलेले मासे मिळाले तर ‘ठिकाण अज्ञात’ असं प्रामाणिकपणे लिहून द्या, अंदाजाने गाव चिकटवू नका.

पिढ्यान्‌पिढ्या एकाच जोडीची संतती वाढवून वंश कमजोर होत नाही का?

होतो. दर पिढीला तीन-चार जोड्यांची अंडी एकत्र करा, आणि जमेल तेव्हा तोच वाण पाळणाऱ्या दुसऱ्याशी नर किंवा अंडी बदलून घ्या. सगळ्यात रंगीत नर प्रत्येक वेळी निवडू नका. नीट खाणारा, सरळ पाठीचा आणि मध्यम रंगाचा नरही वंशात राहू द्या. आणि एक संच दुसऱ्या घरी द्या. वीज गेली, उन्हाळा कडक गेला, तरी वाण कुठेतरी शिल्लक असतो.

अंडी कुरिअरने पाठवता येतात का?

येतात, आणि माशांपेक्षा सुखरूप जातात. वार्षिक किलींची ओलसर कोकोपीटमध्ये, बाकीच्यांची चार-पाच दिवसांची अंडी थोड्या ओल्या जावा मॉसमध्ये, कडक डबीत घालून पाठवा. एप्रिल ते जून पाठवू नका. परदेशातून जिवंत मासे किंवा अंडी आणायला मात्र सरकारी परवाना लागतो. पाकिटात लपवून मागवलेल्या अंड्यांबरोबर रोगही येऊ शकतो.

किली डास खातात, मग जास्तीची पिल्लं ओढ्यात सोडली तर चांगलंच ना?

कृपया सोडू नका. डासांसाठी म्हणून १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणलेला गॅम्बुझिया आज आपल्या पाणवठ्यांत सगळीकडे आहे. तो स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही खातो. आपल्याकडे त्या कामाला घरचा मासा आहेच. गोव्यात मलेरियाविरोधात ॲप्लोकायलस ब्लॉकी हा छोटा देशी किली डासांच्या अळ्यांवर सोडून पाहिला गेला आणि त्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. सोनेरी गोल्डन वंडरही ओढ्यात नको, तो रानातल्या लिनिएटसशी मिसळेल. जास्त झालेली पिल्लं वाटा किंवा दुकानात द्या.

मग रानातला देशी किली पकडून आणू का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. इतरत्र, आपल्या गावच्या शेतात, आजोळच्या ओढ्यावर, चार-सहा मासे घेतले तर त्या पाण्याला फरक पडत नाही, पण विणीच्या दिवसांत घेऊ नका आणि विकण्यासाठी कधीच घेऊ नका. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यांना वेगळ्या टाकीत ठेवा, रानातून आलेल्या माशांच्या कल्ल्यांत आणि पोटात परजीवी असतात. टाकीवर ओढ्याचं, गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहा. आफ्रिकेतल्या डबक्याचा संकेत आपण जपतो, तेवढाच आपल्या ओढ्याचाही जपावा. यांच्यासाठी मोठी चिठ्ठी लावा, कारण पहिला प्रश्न हाच येतो की हे कुठले.